सातबारा आणि परदेशाचे नागरिकत्व



गेल्या पंधरवड्यात ऊस लागवडीची बैठक संपल्यावर एक जाणते बागायतदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, चार एकर विकले तर पोराला परदेशाचं नागरिकत्व मिळतं म्हणतात. एजंट घरी येऊन गेला. काय करावं?" मी म्हटले, "खताची मात्रा विचारली असती तर उभ्या उभ्या सांगितली असती. याला मात्र बसावं लागेल." तेव्हा जे बोलणे झाले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पैसे भरून नागरिकत्व देणारे देश आहेत, ही गोष्ट खोटी नाही. चालू योजनांत सर्वांत जुनी योजना सेंट किट्स आणि नेव्हिस या देशाची. वेस्ट इंडीजमधली ही दोन लहान बेटे १९८३ साली स्वतंत्र झाली आणि १९८४ साली त्यांनी हा कायदा केला. ऊसवाल्यांनी या बेटांची हकीकत जरूर ऐकावी. सेंट किट्सवर तीनशे वर्षांहून अधिक काळ ऊसच पिकत होता. फडातला ऊस कारखान्यापर्यंत न्यायला अरुंद रुळांची रेल्वे होती. पण भाव पडले, कर्ज वाढत गेले आणि २००५ साली सरकारने साखरधंदाच बंद केला. पुढच्या वर्षी उसातून बाहेर पडणाऱ्या देशाला सावरण्यासाठी एक निधी काढला आणि नागरिकत्व घेणाऱ्यांचे पैसे त्यात घेतले. उसाच्या रुळांवरून आज प्रवासी हिंडतात आणि ऊस गेला तिथे नागरिकत्व हेच नगदी पीक झाले आहे.

या पिकाचा भाव काय? सरकारला द्यायची रक्कम कमीत कमी अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त. ती देणगी असते, परत मिळत नाही. फी आणि वकिलाचा खर्च वेगळा.

इथे एक फरक ध्यानात घ्या. राहण्याचा परवाना निराळा आणि नागरिकत्व निराळे. परवाना म्हणजे खंडाने केलेले रान, मुदत आणि अटी दुसऱ्याच्या. नागरिकत्व म्हणजे मालकी. एजंट बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो. अमेरिकेत ग्रामीण किंवा बेकारी असलेल्या भागात ८ लाख डॉलर गुंतवावे लागतात, इतरत्र साडेदहा लाख. शिवाय दहा माणसांना काम मिळाले पाहिजे. एवढे करून हाती येते ते ग्रीन कार्ड, नागरिकत्व नव्हे. पनामा देश निवृत्त माणसांना ठेवून घेतो, पण दरमहा निदान एक हजार डॉलरचे तहहयात पेन्शन दाखवावे लागते. द्राक्षबागेचे उत्पन्न कितीही असो, ते पेन्शन होत नाही.

खंडाच्या अटी मालक बदलतो, तसेच हे देशही करतात. स्पेनने गुंतवणुकीवरचा परवाना एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयाने माल्टाची नागरिकत्व विकण्याची योजना बेकायदा ठरवली.

आता आपल्या बांधाकडे येऊ. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ प्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिक झालात की भारताचे नागरिकत्व संपते. पासपोर्ट परत करावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. पुढे ओसीआय कार्ड मिळू शकते. त्यावर येणे-जाणे होते, इथे राहताही येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र राहते. मुलगा भारतीय नागरिक राहून परदेशी स्थायिक झाला, तरी तिथे असेपर्यंत त्यालाही इथे नवी शेतजमीन घेता येत नाही.

म्हणून हिशेब नीट मांडा. बापाने विकलेले रान उद्या मुलगा परदेशी पैसा घेऊन आला तरी परत घेऊ शकणार नाही. शिवाय आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना कूळ कायदा आडवा येतो. सगळे रान विकले आणि पुढे पुन्हा घ्यायचे झाले, तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा शोधत तुम्हालाच हिंडावे लागेल. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही मुलांइतकाच वाटा आहे. त्यांना विचारल्याशिवाय इसार घेऊ नका.

एजंट आला तर आधी त्याला एकच विचारा : मिळणार ते परवाना की नागरिकत्व? उत्तर लेखी घ्या. त्या देशाच्या सरकारी कार्यालयाकडून खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

ते बागायतदार म्हणाले, "मग पोराला अडवू काय?" मी म्हटले, "मुळीच नको. शिकून, नोकरीवर जाऊ दे. तिथं रुजला तर नागरिकत्व घ्यायचं की नाही ते तो ठरवील. तो परत आला तर त्याला उतरायला बांध असू द्या." ते उठले आणि म्हणाले, "आज रात्री घरात सगळ्यांना बसवतो. पोरीलाही सासरहून बोलावतो."

तुम्हीही आधी सगळ्यांना बसवा, मग व्यवहाराचे बोला.

पुढच्या अंकात खोडव्यातील पाचटाचे व्यवस्थापन पाहू.