देव माझा, वर्गणी साहेबांची

मंडळी, आधीच सांगून टाकते, म्हणजे मावशीचा फोन जरा उशिरा येईल. मी नास्तिक नाही. घरी देव्हारा आहे, रोज संध्याकाळी दिवा लावते, चतुर्थीला जमेल तसं टेकडी गणपतीला जाते, आणि शेगावची वारी वर्षातून एकदा ठरलेली. तेव्हा "हिला आता देव नकोसा झाला" असा निष्कर्ष कृपया काढू नका. देव नकोसा झालेला नाही. देवाला हजेरीपटाशेजारी आणून बसवणारे नकोसे झालेत.

जुनी गोष्ट आहे, पण नागपूरकरांना आठवत असेल. ७ एप्रिल २०१७, जागतिक आरोग्य दिन. आपल्या महापालिकेने कस्तुरचंद पार्कवर एड्सविषयी जनजागृतीचा कार्यक्रम ठरवला. आणि त्याला जोड कशाची दिली? सामूहिक हनुमान चालिसा पठणाची! सोबतीला पोद्दारेश्वर राममंदिराचा ट्रस्ट. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. कोर्टाने जे विचारलं ते पानठेल्यावरच्या कुणीही विचारलं असतं. एड्स काय एकाच धर्माच्या माणसांना होतो? मग चालिसाच का, कुराण-बायबल का नाही? शेवटी, दोन्ही कार्यक्रम वेगवेगळे ठेवा, असं सांगून कोर्टाने त्यांची गाठ सोडवली.

तेव्हा आमच्याकडे दोन तट पडले होते. एक म्हणे, हा हिंदूंचा अपमान. दुसरा म्हणे, घटनेची पायमल्ली. दुसऱ्या तटाचं बरोबर होतं. घटनेचं कलम २७ सांगतं की विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खर्च करायचा म्हणून कुणावर कर लादता येत नाही. महापालिकेचा घरटॅक्स मोमीनपुऱ्यातला माणूसही भरतो, इंदोऱ्यातलाही आणि महालातलाही. पण मला त्या भांडणात एक गोष्ट कुणीच बोललेलं आठवत नाही, ती आज लिहिते.

एड्सची जनजागृती म्हणजे नेमकं काय सांगायचं असतं हो? कंडोम वापरा, हे सांगायचं असतं. सुई एकमेकांची वापरू नका. रक्त तपासून घ्या. बाळंतपणाच्या आधी आईची तपासणी करा. नवरा बाहेरगावी ट्रकवर असेल तर बायकोने काय विचारायला हवं, हे सांगायचं असतं. आता मला सांगा, ज्या स्टेजवर बजरंगबलीची तसबीर हार घालून ठेवली आहे, खाली हजारो लोक हात जोडून बसलेत, त्या स्टेजवरून माईक हातात घेऊन कंडोमबद्दल बोलायची कुणाची छाती आहे? ब्रह्मचारी देवापुढे! डॉक्टर आला तरी तो "संयम पाळा, संस्कार जपा" इतकं बोलून खाली उतरणार. म्हणजे जे सांगायला गेलो तेच सांगता येणार नाही. आणि गर्दीत एखादा आधीच एचआयव्ही पॉझिटिव्ह असलेला माणूस बसला असेल, त्याने त्या वातावरणातून घरी काय न्यायचं? की हा रोग पापाचा आहे, आणि त्यावर उपाय पाठाचा आहे, हेच ना?

गंमत म्हणजे (गंमत कसली, दैव म्हणा) त्याच आठवड्यात, ११ एप्रिलला, लोकसभेत एचआयव्ही-एड्सचा कायदा मंजूर झाला. एचआयव्ही असलेल्या माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभावाने वागवू नये, त्याची माहिती गुप्त ठेवावी, यासाठीचा कायदा. सांगायला एवढं होतं!

"पण गर्दी जमते ना देवाच्या नावाने," असं समर्थन तेव्हा खूप ऐकलं. जमते, नाही कोण म्हणतं. पोद्दारेश्वरची रामनवमीची शोभायात्रा १९६७ पासून निघते, मी लहानपणापासून पाहात आले आहे. चित्ररथ बघायला आम्ही दुपारपासून जागा धरून बसायचो. मुसलमान बांधव वाटेत फुलं टाकून स्वागत करतात, तेही पाहिलंय. त्या गर्दीबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. कारण तिथे येणारा आपल्या पायाने येतो, आणि न येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही की काल कुठे होतास. मुद्दा सगळा एवढाच आहे.

आता आमच्या ऑफिसकडे या. नाव सांगणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनीही कमेंटमध्ये टाकू नये ही विनंती. या ऑफिसात बदलून येऊन मला दीड वर्ष झालं. दर श्रावणात इथे सत्यनारायण असतो. मीटिंग हॉलमध्ये चौरंग, केळीचे खांब, साहेब आणि वहिनी पूजेला. अकरा ते दोन काम बंद. बाहेर दाखल्यासाठी उमरेडहून, काटोलहून आलेली माणसं बाकावर, त्यांना सांगायचं, "पूजा चालू आहे, प्रसाद घेऊन जा." शिरा चांगला असतो, ते मान्य. पण तो माणूस एक दिवसाची मजुरी पाडून दाखल्यासाठी आलेला असतो, शिऱ्यासाठी नाही.

यासाठी वर्गणीची यादी फिरते. माणशी दोनशे. यादीवर वरती लिहिलेलं असतं "ऐच्छिक". मंडळी, मराठीतल्या सगळ्यात लबाड शब्दांची स्पर्धा ठेवली तर माझं मत या शब्दाला. यादी घेऊन येतात ते आस्थापनेचे बडेबाबू. रजा, वेतनवाढ, गोपनीय अहवाल, सगळं ज्यांच्या टेबलावरून जातं ते. पहिली सही साहेबांची. खाली नावं आधीच टाईप केलेली, पुढे रकाना. रिकामा रकाना लांबूनही दिसतो! याला ऐच्छिक म्हणायचं असेल तर टोलनाकाही ऐच्छिकच आहे, पलटी मारून घरी जाता येतंच की.

आमच्या सेक्शनला एक नवीन मुलगा लागला आहे. परिविक्षेवर आहे, म्हणजे अजून कायम व्हायचा आहे. घर बौद्ध. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या मागे उभं राहून २२ प्रतिज्ञा घेतल्या होत्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, ही त्यातली अगदी पहिलीच. आणि सत्यनारायण म्हणजे कोण? विष्णूच ना? दीक्षाभूमी आमच्या ऑफिसपासून ऑटोने दहा मिनिटांवर. तर त्या आजोबांचा नातू साहेबांच्या सहीखाली सही करून दोनशे रुपये देतो आणि पूजेच्या वेळी फायली लावायच्या निमित्ताने रेकॉर्डरूममध्ये जाऊन बसतो. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, काहून एवढं मनावर घेऊन राहिल्या? दोनशे रुपये तर आहेत." दोनशेच आहेत. पण मला सांगा, पन्नास-साठ माणसांच्या ऑफिसात आपल्या आजोबांचा शब्द मोडायची किंमत फक्त त्यालाच का भरावी लागते? माझी तर काहीच मोडत नाही, मी घरीही पूजा करते.

आणि बायकांकडे येते. संक्रांतीनंतर लंच टाइमला हळदीकुंकू. वाण वाटायचं, तिळगूळ, उखाणे, फोटो. मजा असते, मला आवडतं. पण आमच्याकडे एक ताई आहेत, नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर लागलेल्या. म्हणजे ज्या माणसाच्या जाण्यामुळे त्या या खुर्चीवर आल्या, तो गेलाय हे त्यांना दर जानेवारीत ऑफिसच्या सूचनाफलकावर वाचायचं. त्या दिवशी त्या अर्धी रजा टाकतात. कुणीच त्यांना "येऊ नका" म्हणत नाही हो. कुणी दुष्ट नाही. सगळ्या प्रेमळ बायका आहेत, त्यांच्या मुलीच्या लग्नात ह्याच राबल्या. घरच्या हळदीकुंकवाचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या घरी ठरेल (आमच्या घरी सगळ्यांना बोलावतो, आणि त्यावरून काकूंशी झालेला वाद वेगळ्या पोस्टचा विषय आहे). पण ऑफिसात एक बाई विधवा आहे की सवाष्ण, हे कशाला मोजायचं? तिची मोजणी फक्त फायलींवर व्हावी.

आता कुणी म्हणेल, तुम्ही फारच ताणता. टेबलावरच्या काचेखाली गजानन महाराजांचा फोटो ठेवला तर तेही चालणार नाही का? चालेल. माझ्याही टेबलावर आहे. खंडेनवमीला ड्रायव्हर जीप धुऊन तिला झेंडूचा हार घालतो, तेही चालेल, त्याचं आणि जीपचं नातं आहे ते. २०१७ च्याच जानेवारीत सरकारी कार्यालयांतून, शाळांतून देवादिकांचे फोटो काढण्याचं एक परिपत्रक राज्य सरकारने काढलं होतं. शिवसेनेने गदारोळ केला आणि काही दिवसांत ते मागे घेतलं गेलं. मला ते परिपत्रकच चुकीच्या टोकाने सुरू झालेलं वाटलं. भिंतीवरचा फोटो कुणाचा हात पिरगाळत नाही, साहेबांच्या सहीची यादी पिरगाळते. तिच्याबद्दल आधी बोला.

हे नुसतं मला वाटतं असंही नाही. नाशिकच्या एका शाळेत शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडून उभं राहायला नकार दिला, तर संस्थेने त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. ते भांडत राहिले, आणि २०१३ साली मुंबई हायकोर्टाने सांगितलं की अशी सक्ती करता येत नाही. वर्षानुवर्षं गेली त्यात त्यांची. पगार अडवून जोडायला लावलेले हात कोणत्या देवाला पोचतात, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि विलायतेतही हेच आहे बरं का, आपलंच नाक कापायला नको. इंग्लंडमध्ये बिडफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या टाऊन कौन्सिलच्या सभेची सुरुवात प्रार्थनेने व्हायची. एका सदस्याने हरकत घेतली, २०१२ साली कोर्ट म्हणालं, सभेच्या कामकाजाचा भाग म्हणून प्रार्थना घ्यायचा अधिकार कौन्सिलला कायद्याने नाही. तर २०१५ साली पार्लमेंटने कायदाच करून तो अधिकार देऊन टाकला! सत्तेतल्या माणसाला देवाची सोबत सगळीकडेच लागते असं दिसतंय.

आपल्याकडे तर शिकलेल्यांचंही तसंच. २०१८ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सत्यनारायण झाला आणि विद्यार्थ्यांनी विरोध केला, तेव्हा उत्तर काय मिळालं? ही जुनी परंपरा आहे. अहो, त्या कॉलेजच्या संस्थापकांत आगरकर होते, प्राचार्यही होते! परंपराच मोजायची तर ती मोजा ना.

हमखास येणारा प्रश्न: "आणि त्यांचं काय? त्यांच्या भोंग्याबद्दल लिहा ना!" लिहिते. भोंगा कुणाचाही असो, रात्री दहा ते सकाळी सहा बंद, असा नियम २००० सालापासून आहे, आणि लाऊडस्पीकर हा कोणत्याच धर्माचा मूलभूत हक्क नाही, हे मुंबई हायकोर्टाने २०१६ ला सांगून झालंय. रस्त्यावर, बागेत, फुटपाथवर नवीन मंदिर-मशीद-चर्च-गुरुद्वारा काहीच बांधायचं नाही, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा. राज्य सरकारचा जीआर ५ मे २०११ चा. त्यानंतर नागपुरात फुटपाथवर काय-काय उगवलं ते आपापल्या चौकात उभं राहून मोजा, मी सांगायची गरज नाही. मजार हटवायला हवी तशीच शेंदूर लावलेला दगडही हटवायला हवा. पण "आधी त्यांचं" म्हणणारा माणूस त्यांचंही हटवायला कधी जात नाही, त्याला फक्त आपलं ठेवायचं असतं.

आमच्या विदर्भाला तर हे नव्याने शिकवायची गरज पडू नये. गाडगेबाबा इथलेच, अमरावती जिल्ह्यातले. हातात खराटा. गावात आले की आधी रस्ता झाडायचे, मग कीर्तन. धर्मशाळा बांधल्या, शाळा काढल्या. त्यांच्या नावाचं स्वच्छता अभियान राज्य सरकारने २००० साली सुरू केलं. त्या अभियानाच्या उद्घाटनालाही नारळ फोडताना मी पाहिलाय, आणि नारळाच्या करवंट्या तिथेच पडलेल्याही.

तर यंदा मी लेखी अर्ज दिला. वर्गणीची यादी आस्थापना शाखेमार्फत फिरवू नये, ज्यांना पूजा करायची त्यांनी आपसात पैसे काढून सुट्टीच्या दिवशी करावी, कार्यालयीन वेळेत कामकाज बंद ठेवू नये, आणि हळदीकुंकवाची सूचना कार्यालयाच्या फलकावर लावू नये. एवढं चार ओळींत. मी स्वतः पूजेला येईन, शिराही करून आणीन, असंही खाली लिहिलं. बडेबाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर देवधर्माच्या आहात ना?" त्या दिवसापासून दुपारच्या चहाला मला हाक येत नाही, आणि पुढच्या बदलीच्या यादीत माझं नाव असेल असं शिपायाने कानात सांगितलंय. गडचिरोली म्हणाला. मावशी, घाबरू नकोस, अजून काहीच आलेलं नाही.

अर्जाला आवक क्रमांक पडला आहे. श्रावणाला पाच आठवडे आहेत.