नकाशावरची रेषा पुसाल, पाणी कसं पुसाल?

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात दोन मागण्या एका दमात केल्या गेल्या. वाशिष्ठीचा गाळ काढा, आणि निळी-लाल पूररेषा रद्द करा. पहिल्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसरीला विरोध आहे, आणि तो मी पूररेषेच्या आत घर असलेला माणूस म्हणून नोंदवतो.

पूररेषा म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकले की आपण निर्धास्त होतो. एकदा येऊन गेला, आता नातवंडं बघतील! हिशेब तसा नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर ते फिटेपर्यंत लाल रेषेवरच्या घरात पाणी शिरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवर ती ७० टक्के. चिपळुणात २६ जुलै २००५ नंतर सोळाच वर्षांत पुन्हा महापूर आला, हे विसरू नका.

इथला भूगोलच तसा आहे. वरून सह्याद्रीचा पाऊस, त्यात कोळकेवाडीमार्गे येणारं कोयनेच्या वीजप्रकल्पाचं अवजल, मधून वाहणारी शिवनदी, आणि खाली दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती. भरतीच्या वेळी पुराचं पाणी उतरायला वाट नसते. गाळ काढल्याने फरक पडतो, पण नदीचं पात्र पुन्हा भरतं आणि भरती तर रोजच येते. रेषा रद्द झाल्याचा आदेश यातल्या कुणाला वाचता येत नाही.

रेषेला विरोध करणाऱ्यांची भीती मात्र खोटी नाही. घराची किंमत पडेल, बँक कर्ज देणार नाही, दुरुस्तीला परवानगी मिळणार नाही. मग मागणी त्याचीच करू या! जुन्या रहिवाशाला जोतं उंच करून किंवा खाली मोकळे खांब ठेवून घर बांधू द्या. मीटर आणि मेन स्विच वर घ्यायला मदत करा. ज्यांना हलायचं असेल त्यांना योग्य मोबदला द्या. रेषाच पुसली तर खरा फायदा कुणाचा? सखल जागेत भराव टाकून इमारत उठवणाऱ्याचा. त्याचा प्लॉट कोरडा राहतो आणि त्याच्या वाटचं पाणी शेजारच्या कौलारू घरात शिरतं. त्याच्या नफ्यासाठी आपण का भांडावं?

आता आपल्या मोहल्ल्याकडे वळतो. पूर आला की आपली पोरं छातीभर पाण्यात उतरतात, देगा चढतात, जात-धर्म न विचारता जेवण वाटलं जातं. याचा अभिमान आहेच. पण मे महिन्यात एक बैठक घ्या म्हटलं तर चार माणसं जमत नाहीत. मदतीचे फोटो निघतात, तयारीचे निघत नाहीत. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून आपण मोकळे होतो. पाऊस माणसाच्या हातात नाही हे खरं, पण अंथरुणाला खिळलेली म्हातारी तळमजल्यावर ठेवायची की माळ्यावर, हे आपल्याच हातात आहे.

काम फार मोठं नाही. प्रत्येक गल्लीत वृद्ध, अपंग, गरोदर आणि तान्ह्या मुलांच्या घरांची यादी करा. कोण कुणाला उचलणार, कुठल्या गच्चीवर नेणार, होडी कुणाकडे, हे जूनआधी ठरवा. समितीत बायका हव्यात, नावापुरत्या नव्हेत. पुरुष मुंबईला नाहीतर आखातात. पाणी चढताना घरात असतात त्या बायकाच. मशिदीचा भोंगा आणि देवळाचा कर्णा पुराच्या इशाऱ्यासाठी वापरायचं आधीच ठरवून ठेवा. मध्यरात्री मोबाइलला रेंज नसते.

दुसरं, विमा. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे, आणि भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो. विमा जायज की नाजायज यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. पण विमा नको असेल तर मोहल्ल्याचा सामायिक निधी पुराच्या आधी उभा करा. पूर ओसरल्यावर झोळी फिरवणं म्हणजे निधी नव्हे.

तिसरं, कागद. मालमत्ता पत्रक, जन्मदाखला, निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला. माणसाची ओळख कागदावर जोखण्याची भाषा रोज कानावर पडते, आणि आपले कागद लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात! जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते वर ठेवा, प्रत्येकाचा फोटो काढून नातेवाइकाकडे पाठवा, डिजिलॉकरमध्ये मिळतील ते उतरवून घ्या.

हे सगळं आपण केलं म्हणून सरकार सुटत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. आमच्या वॉर्डाचा आराखडा दाखवा, निवारा कुठे आहे सांगा, पाणी सोडण्याचा इशारा किती तास आधी देणार ते लेखी द्या, असं विचारायला निवडणूक लागत नाही, अर्ज लागतो. पूररेषेचा नकाशा मागवा आणि मशिदीच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर लावा. प्रत्येकाला आपलं घर कुठे आहे ते दिसू दे.

रेषा आपली शत्रू नाही. ती लपवणारा आहे.