पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं गाडीनं काढायची कुठं?

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या परड्यात, बोळात नाहीतर गोठ्यात ताडपत्रीखाली एखादी राजदूत, येझदी, चेतक, जीप किंवा मॅटॅडोर उभी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचली तर आनंदच आहे, कारण विषय फक्त गाडीवेड्यांचा नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. "पंधरा वर्षं झाली, आता गाडी बाद" हे वाक्य गेल्या काही वर्षांत घराघरात शिरलंय. भंगारवाले दारात येऊन हेच सांगतात आणि माणसं घाबरून चांगल्या चालत्या गाड्या वजनावर देऊन टाकतात. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा विषय दिल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या परिसराचा आहे. २०१५ साली हरित लवादानं आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं जे आदेश दिले ते तिथल्यासाठी. महाराष्ट्रात खाजगी गाडीवर वयाची अशी सरसकट बंदी नाही. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर नमुना २५ भरायचा, गाडी दाखवायची, फी भरायची आणि पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. गाडी धडधाकट असेल तर कायदा तिला रस्त्यावरून हाकलत नाही.

मग माझं भांडण कशाशी आहे? दार उघडं ठेवलंय, पण उंबरा दर दोन-तीन वर्षांनी एक वीत वाढवला जातोय, त्याच्याशी.

आकडे बघा. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटरसायकलची नूतनीकरण फी ३०० वरून १,००० रुपये झाली, कारची ६०० वरून ५,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती पुन्हा दुप्पट केली. मोटरसायकलला २,००० आणि कार-जीपला १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, पीयूसी वेगळी, एचएसआरपी पाटी वेगळी. मुदत चुकली तर मोटरसायकलला महिन्याला ३०० रुपये दंड. म्हणजे वर्षाला ३,६००. चुलत्याच्या माघारी चार-पाच वर्षं नुसती उभी राहिलेली राजदूत बाहेर काढायची म्हटली, तर दंडच गाडीच्या भंगारातल्या किमतीपेक्षा जास्त होतो. असा हिशोब समोर आल्यावर साधा माणूस काय करणार? भंगारवाल्याला फोन.

आता दुसरं टोक. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, पुढं पाच वर्षांच्या नूतनीकरणाला ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. नियम वाईट नाही. निदान जुनी गाडी म्हणजे कचरा नव्हे, हे सरकारनं पहिल्यांदा कागदावर मान्य केलं.

पण मला एक सांगा, पन्नास वर्षांची गाडी आकाशातून पडते काय? ती आधी वीस वर्षांची असते, मग तिशीची, मग चाळिशीची. १९८४ साली घेतलेली येझदी २०३४ साली व्हिंटेज होणार. १९९९ ला तिची पंधरा वर्षं भरली. मधल्या पस्तीस वर्षांत सात वेळा नूतनीकरण. आजच्या दरानं नुसती फीच सुमारे तेरा हजार. जीप असेल तर पासष्ट हजार. एवढी वर्षं सरकार मालकाला सांगणार, 'मोडीत काढ, नवी घेताना करात सवलत देतो'. आणि पन्नासाव्या वर्षी तेच सरकार विचारणार, 'मूळ रूपात राखलीस ना रे?' रोपाला पाणी तोडायचं आणि झाड झालं की त्याला हार घालायचा, असला हा कारभार आहे.

आमच्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. राजाराम महाराजांची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते तेव्हा अख्खं गाव मान वर करून बघतं. मीही बघतो, अभिमानानं बघतो. ती टिकली कारण तिच्यामागं राजघराणं होतं. पण या जिल्ह्याचा इतिहास काय एकट्या मेबॅकनं लिहिलाय? दूध डेअरीला घातलं ते राजदूतच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून. ऊस कारखान्याला गेला तो ट्रकनं. वरातीपासून दवाखान्यापर्यंत सगळं मॅटॅडोरनं निभावलं. राजाची गाडी वारसा आणि शेतकऱ्याची गाडी भंगार, ही वाटणी केली कुणी?

ट्रकचं तर नावच काढू नका. व्हिंटेजच्या व्याख्येत दुचाकी आहे, प्रवासी चारचाकी आहे. ट्रक नाही. तीनचाकी टेम्पोही नाही. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. करार संपला १९६९ ला, पण जुने ड्रायव्हर पुढं कित्येक वर्षं त्याला 'मर्सिडीज' म्हणत राहिले. फर्गो आणि डॉज ट्रक आपल्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात बनले. मॅटॅडोर आकुर्डीची, चेतकही आकुर्डीची. भारतातली लॅम्ब्रेटा मुंबईत बांधली. निम्म्या देशाची चाकं या राज्यात घडली, आणि एखाद्यानं लाकडी केबिनचा जुना ट्रक हौसेनं उभा करायचं ठरवलं तर कायद्यात त्याला खणच नाही. हौसेचा ट्रकही धंद्याचाच धरणार. आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस, आणि नोव्हेंबर २०२५ पासून वीस वर्षांवरच्या अवजड गाडीला फिटनेस तपासणीचे २५,००० रुपये. वर्षातून दोनदा जत्रेला निघणाऱ्या ट्रकला रोज ऊस ओढणाऱ्या ट्रकचा नियम! म्हणून आपल्याकडं हौसेनं राखलेला ट्रक शोधून सापडत नाही.

आता धुराचं बोलू. कमेंटमध्ये पहिलं तेच येणार आहे.

होय, टू-स्ट्रोक इंजिन धूर करतं. त्याच्या रचनेतच ते आहे. ताजं पेट्रोल आत येताना त्यातलं थोडं न जळताच सायलेन्सरच्या वाटेनं निघून जातं, वर ऑइल जळतं ते वेगळंच. रोज चाळीस किलोमीटर पळणारी, रिंगा झिजलेली, अंदाजानं ऑइल ओतलेली गाडी बंद करा, माझा पाठिंबा आहे. रोज मालवाहतूक करून काळा धूर ओकणारा डिझेल ट्रक आधी बंद करा, दुप्पट पाठिंबा. पण हौशी माणसाची गाडी वर्षाला किती फिरते? रविवारी सकाळी पन्हाळा, वर्षातून एकदा जोतिबा, नाहीतर गल्लीतल्या पोरांना दाखवायला एक चक्कर. माझ्या दोन्ही गाड्या मिळून वर्षाला हजार किलोमीटर होत नाहीत. आणि जुन्या इंजिनासाठी कायद्यात मर्यादा आधीच आहे. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के, हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. मग त्याच यंत्रावर गाडी तपासा. नापास झाली तर परत पाठवा. पण प्रश्न धुराचा असेल तर धूर मोजा ना, जन्मतारीख काय मोजताय? ज्या वयात माणूस नोकरीतून निवृत्त होतो त्या वयात त्याला कुणी स्मशानाची पावती देत नाही.

आता आपल्याच लोकांना चार शब्द. राग आला तरी चालेल.

नादाच्या नावाखाली जो धिंगाणा चाललाय, त्यानं आपली बाजू सगळ्यात जास्त कमजोर केली आहे. बुलेट घ्यायची, मडगार्ड कापायचं, फटाके फोडणारा सायलेन्सर लावायचा आणि रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोरून न्यायची. त्याला जुनी गाडी राखणं म्हणत नाहीत. आरएक्स १०० ला लाखाच्या वर भाव सांगायचा आणि एका गाडीचा चासी नंबर दुसरीवर ठोकायचा, ही हौस नव्हे, गुन्हा आहे. पोलिसांनी असले सायलेन्सर रोलरखाली घातले की मी टाळ्या वाजवतो. पण त्याच नाकाबंदीत मूळ सायलेन्सर, मूळ रंग, पूर्ण कागद असलेल्या सत्तरीतल्या आजोबांची येझदी अडवून तासभर उभी करतात, तेव्हा त्या दवाखान्यासमोरच्या पोरांची किंमत आजोबा मोजत असतात.

खरं दुखणं मात्र गाडीपेक्षा मोठं आहे. गाडीबरोबर हात चाललेत.

आमच्या उद्यमनगरात आजही असे मिस्त्री आहेत की इंजिन चालू केलं की आवाजावरून सांगतात, पॉइंटचा गॅप बिघडलाय की क्रँकचं बेअरिंग बोलतंय. पार्ट मिळत नाही म्हटलं की तुटका पार्ट हातात घेतात, माप काढतात, लेथवर नवा करून देतात. माझ्या राजदूतच्या गिअर लिव्हरचा शाफ्ट असाच झालाय. मूळ शाफ्टपेक्षा तो आधी झिजेल असं मला वाटत नाही. ज्यांनी तो केला ते मिस्त्री आता सत्तरीकडं झुकलेत. त्यांच्या हाताखाली एकही पोरगं नाही. पोरगं येईल कसं? नव्या गाडीत बिघाड झाला की लॅपटॉप जोडायचा आणि अख्खा भाग बदलायचा. दुरुस्ती शिकायची तर दुरुस्त होणारी वस्तू समोर पाहिजे. या हौशी लोकांच्या चार गाड्या येतात म्हणून ते लेथ अजून या कामाला फिरतंय. या गाड्या गेल्या की मापं घेणारी ती नजरही गेली. पुढं पन्नास वर्षांची 'वारसा' गाडी घेऊन तुम्ही कुणाच्या दारात जाणार आहात?

एक घडलेली गोष्ट सांगतो. ओळखीतल्या एका पोरानं वडिलांच्या माघारी त्यांची १९८६ ची आरएक्स १०० नावावर करायला घेतली. मूळ पुस्तक होतं, वारसाचा नमुना ३१ भरला होता. कार्यालयात उत्तर मिळालं, गाडीची नोंद संगणकात नाही, जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करावी लागेल. रजिस्टर सापडत नाही. नोंद नाही म्हणून नूतनीकरण नाही, एचएसआरपी पाटीचं बुकिंगही पुढं सरकत नाही. नऊ खेटे झाले. दहाव्यांदा एजंटानं जो आकडा सांगितला तो ऐकून त्यानं गाडी विकली, सुटे भाग काढणाऱ्याला. वडिलांनी ती मेहनतीच्या पैशानं हप्त्यावर घेतली होती. रजिस्टर सांभाळायचं काम त्या पोराचं होतं की कार्यालयाचं?

म्हणून नुसतं रडगाणं न गाता मागण्या लिहितो.

एक. पंधरा आणि पन्नासच्या मध्ये 'हौशी वाहन' असा वेगळा वर्ग करा. वय तीस वर्षं ठेवा. युरोपात ऐतिहासिक गाडीची व्याख्या तीस वर्षांपासूनच सुरू होते आणि जर्मनीत अशा गाडीच्या नंबरापुढं 'एच' अक्षर येतं. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरची मर्यादा घाला, मीटर तपासा, मोडली तर वर्ग काढून घ्या. पण फी परवडणारी ठेवा.

दोन. या वर्गात ट्रक, टेम्पो, तीनचाकी आणि ट्रॅक्टर घ्या. माल वाहायचा नाही ही अट घाला.

तीन. प्रत्येक आरटीओ कार्यालयात वर्षातून एकदा जुन्या नोंदींचं शिबिर घ्या. मूळ पुस्तक दाखवणाऱ्याची नोंद त्याच दिवशी संगणकात चढली पाहिजे. हरवलेल्या रजिस्टरचा दंड मालकाला नको.

चार. आयटीआयमध्ये जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवा. प्रमाणपत्र बघू नका, हात बघा.

यातली एकही मागणी तिजोरी रिकामी करणारी नाही. उलट आज जी गाडी गुपचूप गोठ्यात गंजते, ती उद्या फी भरून, विमा काढून, तपासणी करून रस्त्यावर येईल.

तोवर एवढंच करा. ताडपत्री काढा, पुस्तकावरची मुदत बघा, आणि नोंद 'वाहन' पोर्टलवर दिसते का ते तपासा. दिसत नसेल तर आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. कमेंटमध्ये गाडीचं नाव, साल आणि कुठं अडलंय ते लिहा. नंबर आणि पत्ता लिहू नका. शंभर जणांची यादी झाली की आमदार-खासदारांकडं आणि परिवहन आयुक्तांकडं एकत्र निवेदन देऊ. भंगारवाल्याला मात्र तोवर सांगा, अजून विचार चाललाय.