तिकीट कापण्याआधी पाकीट पाहा

घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीतली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. हिशेबवह्या, लग्नपत्रिका, पत्रांचे गठ्ठे. घरातला एखादा हौशी मुलगा पाकिटांवरची तिकिटे तेवढी कापून घेतो, उरलेले रद्दीत. या उपनगरांतल्या अनेक गुजराती-कच्छी कुटुंबांचे वाडवडील आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करीत होते, हे लक्षात घेतले की त्या कात्रीची भीती वाटते.

जर्मन पूर्व आफ्रिकेचेच पाहा. आजच्या टांझानियाची मुख्य भूमी, रवांडा आणि बुरुंडी मिळून ही वसाहत होती. १८९३ साली तिथे वापरात आली ती जर्मनीचीच तिकिटे, पण त्यांवर किंमत छापली होती ‘पेसा’मध्ये. ६४ पेसा म्हणजे एक रुपया! आपल्याकडेही तेव्हा रुपयाचे ६४च पैसे होत. हिंदी व्यापाऱ्यांमुळे त्या किनाऱ्यावर रुपया इतका रुजला होता की कैसरच्या अंमलदारांनाही मार्क बाजूला ठेवून रुपयातच कारभार करावा लागला. पुढे रुपयाचे १०० हेलर केले गेले, पण रुपया हटला नाही. शेजारच्या झांजिबारमध्ये तर १८७५ ते १८९५ हिंदुस्थान सरकारचे पोस्ट होते आणि आपलीच तिकिटे तिथे चालत.

पुढे १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून हिंदी फौज याच वसाहतीवर निघाली आणि नोव्हेंबरात टांगा येथे सपाटून मार खाऊन परतली. फौजेसाठी पंचम जॉर्जच्या हिंदी तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ अशी अक्षरे छापली होती. पण हीच तिकिटे फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियातही वापरली गेली. मग सुटे तिकीट हातात घेऊन काय कळणार? ते कुठून निघाले हे सांगतो तो पाकिटावरचा लष्करी टपालाचा शिक्का, आणि कात्री नेमकी त्याच्यावरूनच फिरते.

कैसरच्या जहाजाचे चित्र असलेल्या जर्मन तिकिटांचेही तेच. युद्धकाळात छापलेली काही तिकिटे वसाहतीत पोचलीच नाहीत, बर्लिनमध्येच विकली गेली. त्यामुळे संग्राहक खऱ्या शिक्क्याला मान देतात, आणि म्हणूनच खोटे शिक्केही मारले गेले. पत्ता, तारीख, वाटेतले शिक्के यांसह अखंड पाकीट असेल तर लबाडी पकडणे सोपे जाते.

छंद लावताना आपण मुलांना पहिला धडा देतो तो तिकीट पाण्यात भिजवून सोडवण्याचा. आजच्या टपालासाठी तो ठीक आहे. जुन्या पाकिटाला मात्र पाणी, कात्री आणि चिकटपट्टी यांपैकी काहीही लावू नये. पत्र कोणी, कोणाला लिहिले हे आजीला विचारून वेगळ्या कागदावर टिपावे आणि तो कागद पाकिटासोबतच ठेवावा.