छापलेले अक्षर आणि पूर्वजांचे नाव

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट हे शहर आहे. तेथे भारतीयांची वस्ती मोठी असून मराठी कुटुंबेही आहेत. १७९७ साली स्पॅनिश पाद्र्यांनी येथे मिशन स्थापन केले, पण त्यापूर्वी शतकानुशतके या भूमीवर ओलोनी लोक नांदत होते. शहराच्या कडेला कायोटी टेकड्यांपाशी शिंपल्यांचे जुने ढिगारे आहेत. ते या लोकांच्याच वस्तीचे.

१९२५ साली आल्फ्रेड क्रोबर या नामांकित मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात लिहिले की हे लोक जवळजवळ नामशेष झाले आहेत. लोक तर जिवंत होते! पण विद्वानाचे वाक्य छापले गेले आणि पुढे तेच खरे मानले गेले. त्यांच्यापैकी मुवेक्मा ओलोनी समाज केंद्र सरकारच्या मान्यतेसाठी आजही झगडत आहे.

फ्रीमाँटजवळच्या सुनोल खोऱ्यात पुढे उत्खनन झाले. तेथील १२ प्राचीन व्यक्तींचा डीएनए आजच्या ८ मुवेक्मा व्यक्तींशी ताडून पाहिला गेला. सुमारे दोन हजार वर्षे मागे जाणारे नाते दिसून आले. हा लेख २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि लेखकांच्या यादीत त्या समाजाच्या प्रमुख स्त्रियांचीही नावे आली. आमच्या मते खरी बातमी हीच आहे.

असे काम सोपे नाही. तरुण संशोधकाला नोकरी हवी, नोकरीसाठी छापलेले लेख हवेत. संपादक लेख तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतो. दुरुस्त्या येतात, महिने जातात. लेख सर्वांना फुकट वाचता यावा म्हणून काही नियतकालिके लेखकाकडूनच भारी शुल्क मागतात. त्यात वंशजांची संमती घ्यायची तर आणखी वेळ लागतो. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना मूलनिवासींच्या अस्थींवर संशोधन करण्याआधी संमती घेणे बंधनकारक झाले आहे. नियम योग्यच आहे. परंतु त्या विलंबाचा भार विद्यार्थ्यावर नव्हे, विद्यापीठांवर पडला पाहिजे.

घाई न करता पुरे काम करणे हाच आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही धडा. इनामगावचे उत्खनन १९८३ साली संपले, अहवाल १९८८ साली निघाला.

वाचकहो, हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. फ्रीमाँटहून खाडीपलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. तेथील क्रिश सीता यांनी मॉरिशसमध्ये उत्खनने केली असून हिंदी महासागराच्या पुरातत्त्वावरील लेखांचा ग्रंथ २०१८ साली संपादित केला आहे. १८६७ च्या तापाच्या साथीत उघडलेल्या ब्वा माशाँच्या दफनभूमीतही संशोधन झाले. तेथे निजलेल्या कित्येकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: आपल्या मुलांपैकी कोणी इतिहासाकडे वळले तर त्यांना अडवू नये. घरातले जुने कागद, आजीच्या आठवणी त्यांच्या हाती द्याव्यात. आणि आपल्याविषयी जे छापले जाईल ते आधी आपल्याला दाखवा, असे संशोधकांना नम्रपणे पण ठामपणे सांगावे. चुकीचे वाक्य एकदा छापले गेले की ते पुसायला शंभर वर्षेही पुरत नाहीत.