पाय टेकायला लाज कसली?

मे महिना जवळ आला की आमच्या घरात एकच प्रश्न असतो, यंदा कुठं? यंदा मात्र तो विचारायची पाळीच आली नाही. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी जेवता जेवता जाहीर केलं, ‘‘बाबा, आम्ही चौघं मित्र मनालीला चाललोय. सायकलवर फ्रीरायडिंग करायला.’’

सायकल म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. आम्ही पडलो पुण्याचे. एकेकाळी हे शहर सायकलींचं म्हणूनच ओळखलं जायचं. कॅरिअरला डबा लावून मीही कैक वर्षं सायकल हाणली आहे. पण चिरंजीवांनी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली आणि सौ.च्या हातातला घास हातातच राहिला. एक पोरगा पुरुषभर उंचीच्या कातळावरून सायकलीसकट खाली उडी घेत होता!

‘‘ह्याला सायकल चालवणं म्हणतात?’’ सौ.नं विचारलं. दोन दिवस घरात अबोला राहिला. अखेर तोडगा निघाला. मुलांनी जायचं, पण बाबांनीही बरोबर जायचं. सामान सांभाळायला.

ह्या खेळाची कुळकथा मोठी गमतीची आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन भागातल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडायला सुरुवात केली. १९७६ साली तिथं शर्यतही सुरू झाली. तिचं नाव ‘रिपॅक’. त्या सायकलींना पेडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागे. पुन्हा भरणं म्हणजेच रिपॅक. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकिंगला मानाचं पान मिळालं. फ्रीरायडिंग हे त्याचं मोकाट भावंड. ते १९९० च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत वाढलं. ह्यात घड्याळ नाही, आखून दिलेला मार्ग नाही. डोंगर जसा आहे तसा घ्यायचा आणि आपली वाट आपणच काढायची.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, तर रोहतांगची खिंड ३,९७८ मीटरवर. दोन्हींत रस्त्यानं अंतर ५१ किलोमीटर. पूर्वी लाहौलला जाणारी सारी वाहतूक ह्याच खिंडीतून व्हायची. २०२० साली नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला आणि खिंडीच्या वाटेवरची ती वर्दळ कमी झाली. जीपच्या टपावर सायकली बांधायच्या, वर जायचं आणि गुरं-मेंढरांच्या पायवाटांनी, देवदारांच्या रानातून खाली यायचं, असा बेत होता.

आमचा गाईड तिथलाच पंचविशीतला तरुण होता. पहिल्या दिवशी त्यानं कुणाला सायकलीवर बसूच दिलं नाही. विरळ हवेची शरीराला सवय झाली पाहिजे, पाणी प्या आणि पायी हिंडा, एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी धडे सुरू झाले. उतारावर बसायची सीट खाली घ्यायची. पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल समपातळीत ठेवायची. ब्रेक करकचून दाबायचा नाही, चाक जखडलं की ते घसरतंच. आणि नजर जिथं जायचंय तिथं ठेवायची. दगडाकडे बघत राहिलात तर सायकल नेमकी त्या दगडावरच जाते! संसारातही हे लागू पडतं, असं मनात आलं. पण मुलांपुढं बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी कोठी गावाच्या वरच्या अंगाला एक जागा आली. पायवाट एकदम तुटून छातीएवढ्या उंचीचा मातीचा टप्पा, त्याखाली तीव्र उतार. गाईड उतरला. पाठोपाठ चिरंजीव आणि आणखी दोघं उतरले. चौथा मुलगा, चष्मेवाला, कडेला आला आणि थांबला. त्यानं पाय टेकला.

खालून मित्रांनी त्याला चिडवायला सुरुवात केली. आणि मंडळी, खरं सांगायचं तर मीही त्यात सामील झालो. मोबाईल रोखून ओरडलो, ‘‘अरे, ये ये, काही होत नाही!’’

गाईड माझ्याकडे वळला. ‘‘अंकल, आप मत बोलिए. गिरना उसको है.’’ एवढं बोलून तो वर चढून गेला. चष्मेवाल्याची सायकल एका बाजूनं त्यानं धरली आणि दोघं बाजूच्या वाटेनं चालत खाली आले. पाय टेकणाऱ्याला इथं कुणी हसत नाही, हे त्यानं मुलांना बजावलं.

मी ओशाळलो. पण शहाणा झालो नाही. कारण तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, मघाचं नीट आलं नसेल. पुन्हा उतरतो, व्हिडिओ काढा.’’ आणि मी म्हणालो, ‘‘काढतो.’’

दुसऱ्या खेपेला त्याची नजर उतारावर नव्हती, माझ्याकडे होती. पुढचं चाक मातीत रुतलं आणि तो हँडलवरून उडून खांद्यावर आपटला.

पुढचा अर्धा तास मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. मोबाईल हातातून केव्हा पडला कळलं नाही. माझे पाय लटपटत होते. पुढं धावला तो चष्मेवाला. ‘‘काका, मफलर द्या,’’ म्हणाला. त्यानं हात न हलवता तो गळ्यात झोळीसारखा बांधला. तू शुद्धीत आहेस ना, मान दुखतेय का, बोटं हलव, असं एकेक शांतपणे विचारलं. एन.सी.सी.त प्रथमोपचार शिकला होता म्हणे. ज्याला मी खाली ओढत होतो, त्याचेच हात त्या घटकेला स्थिर होते.

मनालीत एक्स-रे काढला. कॉलरबोन मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, साधारण सहा आठवडे. हेल्मेटला आतून तडा गेला होता. त्यातला फोम एकदा दबला की पुन्हा कामाचा राहत नाही. आघात तो स्वतःवर घेतो आणि संपतो. ते हेल्मेट मी फेकलं नाही, घरी आणलं.

रात्री सौ.ला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, ‘‘तो पडला तेव्हा तुम्ही काय करत होतात?’’

‘‘व्हिडिओ काढत होतो.’’

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

परतीच्या प्रवासात विचार करत होतो. मी ज्या साहसाला घाबरत होतो, त्यात शिस्त पुष्कळ होती. सराव होता, ढोपराला कवच होतं, जाणता गाईड होता. धोका वाढवला तो काठावरच्या बघ्यानं. दहावीचे मार्क, इंजिनीअरिंगचा प्रवेश, शेजाऱ्याच्या मुलाची परदेशवारी... ‘ये ये, काही होत नाही’ असं आपण किती ठिकाणी ओरडत असतो! मूल कडेला थांबतं, कारण त्याला खालचा उतार दिसत असतो. आपल्याला दिसतो तो फक्त फोटो.

आता चिरंजीवांचं हाड सांधलंय. परवा तो पुन्हा सायकल पुसताना दिसला. चौघांचे पुढच्या उन्हाळ्याचे बेत सुरू झालेत. सौ.नं परवानगी दिली आहे, पण एका अटीवर. बाबांनी बरोबर जायचं असेल, तर मोबाईल घरी ठेवून.

मी अट कबूल केली आहे.