बिलेशयांच्या दारीं

अमरकोशांत सर्पाचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत 'गूढपाद्', 'चक्षुःश्रवा' आणि 'बिलेशय' हीं तीन येतात. शाळेंत आम्हीं तीं विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षें घोकून घेतलीं. पण त्यांचा अर्थ अंगीं मुरला तो थरच्या वाळवंटांत. ज्याचे पाय दिसत नाहींत, ज्याला आपली चाहूल आपल्या आधीं पोंचते, आणि जो बहुतेक वेळ बिळांत निजून असतो, अशा जातीच्या प्राण्याचें छायाचित्र घेण्यास निघणें हा केवढा खटाटोप आहे, हें वाचकांस थोडक्यांत सांगावें म्हणतों.

गेल्या वर्षीं चैत्रांत आम्ही आमच्या पुतण्यासमवेत जेसलमेरास गेलों. पुतण्याजवळ कॅमेरा उत्तम, उत्साह त्याहूनही उत्तम. जेसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलें राष्ट्रीय मरुउद्यान ३१६२ चौरस किलोमीटरांचें आहे. एवढ्या विस्तारांत बोटभर सरडा हुडकावयाचा, हें ऐकून घरांतील वडील मंडळी हसली होती. त्यांचें हसणें अगदींच अस्थानीं नव्हतें.

पहिली अडचण वेळेची. सरपटणाऱ्या प्राण्यांचें शरीर आपल्यासारखी स्वतःची ऊब राखीत नाहीं. ते उन्हाच्या हिशेबानें बाहेर येतात व उन्हाच्याच हिशेबानें आंत जातात. सकाळीं वाळू कोंबट होईपर्यंत सारी सामसूम. मग जेमतेम दोन-तीन तासांची वर्दळ. पुढें वाळू चटके देऊं लागली कीं पुन्हा सामसूम. त्या दोन-तीन तासांतही वारा सुटला कीं बारीक वाळू कॅमेऱ्याच्या सांधींत शिरते, आणि ऊन चढलें कीं तापलेल्या हवेंत दूरचें चित्र थरथरूं लागतें.

दुसरी अडचण रंगाची. १९७१ च्या डिसेंबरांतील लढाईमुळें लोंगेवाला हें ठिकाण आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच ठिकाणाचें नांव १९७८ सालीं आर. सी. शर्मा या प्राणिशास्त्रज्ञांनीं तेथील एका सरड्यास दिलें. याचें डोकें बेडकासारखें आणि अंगाचा रंग वाळूचाच. धोका वाटला कीं तो पुष्कळदां दूर पळण्याऐवजीं अंग डावी-उजवीकडे थरथरवितो आणि आपण पाहत असतांनाच वाळूंत बुडतो. पुतण्यानें तीन दिवसांत त्याच्या नांवावर चाळीस छायाचित्रें जमविलीं. एकोणचाळिसांत नुसती वाळू होती. चाळिसाव्यांत वाळूंतील एक लहानसा खळगा होता.

वाळूखालून पोहत जाणारी एक सापसुरळीही तेथें आहे. पहांटे टेकड्यांच्या उतारांवर तिच्या नागमोडी रेघा उमटलेल्या दिसतात. रेघ संपते तेथें ती असावयाची, पण वाळूच्या आंत! आपल्या कोंकणांत ज्याची दहशत, त्या फुरशाची एक जात तेथेंही आहे. तिला तिकडे बांडी म्हणतात. ती वाळूवर आडवी सरकत जाते आणि मागें तिरप्या रेघांची रांग ठेवते. सर्पास बाहेरचा कान नसतो. जमिनीचा कंप जबड्याच्या हाडांवाटें त्याच्या आंतल्या कानास पोंचतो. तेव्हां आम्हांस रेघा दिसल्या, बांडी दिसली नाहीं. आणि त्याबद्दल पुतण्यास जेवढी हळहळ वाटली तेवढी आम्हांस वाटली नाहीं, हें सांगण्यास संकोच कसला?

खरा प्रसंग आला तो सांड्यापाशीं. सांडा म्हणजे कांटेरी शेपटीचा, हातभर वाढणारा, मुख्यतः पाल्यावर जगणारा गरीब सरडा. कठीण जमिनींत तो बीळ करतो आणि रात्रीं दार आंतून मातीनें बुजवून निजतो. तीन सकाळी आम्ही त्या दारांपुढें बसलों. डोकें वर येई, कॅमेरा उचलला कीं नाहींसें होई. चौथ्या दिवशीं वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, उगीच कां उन्हांत तळतां? शंभर रुपये द्या, आतां खणून हातावर ठेवतों." पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें. रजा संपत आली होती, खर्च झाला होता, आणि हातीं चित्र एकही नव्हतें.

आम्हीं नको म्हटलें. सांड्याचें बीळ हेंच त्याचें घर, तेंच उन्हापासून व ससाण्यापासून त्याचें रक्षण. तें एकदां फोडलें कीं त्याचा आसरा गेला. याच सांड्यास खणून काढतात, त्याच्या चरबीचें तेल सांधेदुखीवर व पौरुषासाठीं म्हणून विकतात. त्याचा तसा गुण सिद्ध झालेला नाहीं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडणें वा मारणें गुन्हा आहे. तेलवाल्याची कुदळ आणि चित्रकाराच्या हौसेची कुदळ यांत बिळाच्या दृष्टीनें भेद काय? पुतण्या कांहीं वेळ घुश्शांत होता. मग तो चाळीस पावलें मागें सरकून पालथा पडला आणि दीड तास हालला नाहीं. शेवटीं सांडा अर्धा बाहेर आला, तोंच शेळ्यांचा कळप आला. चित्रांत एक डोळा, थोडें नाक आणि पुष्कळ माती एवढेंच आहे. पण तें डोळ्यापुढें घडलेलें आहे, घडवून आणलेलें नाहीं.

ज्या घरांतील मुलांस हा छंद जडला असेल, त्यांच्या वडील मंडळींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मार्गशीर्ष-पौषांत वाळवंट सुखाचें असलें तरी सांडा तेव्हां निजलेला असतो. त्यास उठवूं नये. बीळ उकरूं नये, त्यांत पाणी ओतूं नये, प्राणी हातांत धरून चित्र घेऊं नये. हल्लींच्या कॅमेऱ्यांत व भ्रमणध्वनींत चित्राबरोबर स्थळाची नोंदही राहूं शकते. ती काढून टाकल्यावांचून चित्र कोणास पाठवूं नये, कारण तीच नोंद शिकाऱ्यास वाट दाखविते. आणि मूल रिकाम्या हातीं परत आलें तर त्यास हसूं नये. काय काय दिसलें नाहीं आणि कां दिसलें नाहीं, हें त्यास सावकाश विचारावें. त्यास पुष्कळ सांगतां येईल.